चोवीस तारखेचा बंधारा

तुमच्यापैकी किती जणांनी कॉलेजात एनएसएस केलंय? हात वर करा. आता खरं सांगा, त्यातल्या किती जणांनी वाढीव मार्कांसाठी केलंय? बघा, तेच हात पुन्हा वर!

माझाही हात वरच आहे. १२० तास भरायचे, वहीत सह्या घ्यायच्या, सात दिवसांच्या शिबिराला जायचं आणि सर्टिफिकेट फाइलमध्ये लावून मोकळं व्हायचं. एवढाच हिशेब होता. तो हिशेब इतक्या वर्षांनी, जर्मनीत, ऱ्हाईन नदीच्या काठावरच्या एका शहरात चुकेल असं वाटलं नव्हतं.

शहराचं नाव ड्युसेलडॉर्फ. ऑफिस, यू-बान, सुपरमार्केट, घर. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी दुधाची धावपळ. आपल्याकडचे सण इथे वीकेंडला सरकवून साजरे होतात. गणपती शनिवारी, दिवाळी पुढच्या शनिवारी, हॉल मिळाला तर कोजागिरीसुद्धा. पण एक तारीख मी सरकवत नाही. २४ सप्टेंबर, एनएसएस दिवस.

हसू नका. सुरुवात गमतीतच झाली होती. आमच्या शिबिरातले आम्ही सहा जण आजही टच‌मध्ये आहोत. दोघं पुण्यात, एक नागपुरात, एक हैदराबादला, एक न्यू जर्सीत आणि मी इथे. चोवीस तारखेला सगळ्यांनी व्हिडिओ कॉल करायचा, कॉलेजातला बॅज शर्टाला लावायचा आणि शिबिरातली ती विशिष्ट टाळी वाजवायची. मग पीओ सरांची नक्कल, जळलेल्या खिचडीची आठवण आणि ‘चलो, बाय’. वीस मिनिटांत सेलिब्रेशन खलास.

लाल-निळा बॅज

एका वर्षी घाईत बॅज काढायचा राहिला आणि तसाच लावून मी कँटीनमध्ये गेले. शेजारच्या टीममधला एक सहकारी समोर बसला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. म्हणाला, हे काय?

मी उत्साहात सुरू झाले. हे कोणार्कच्या सूर्यमंदिरातल्या रथाचं चाक. आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार. लाल रंग उत्साहाचा, निळा विश्वाचा. ब्रीदवाक्य ‘नॉट मी, बट यू’. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत साधारण ४० हजार मुलांना घेऊन हे सुरू झालं, आज आकडा चाळीस लाखांच्या घरात आहे. त्याआधी दहा वर्षं, म्हणजे १९५९ मध्ये, आपले चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने तर शाळा संपल्यावर जवळजवळ वर्षभराची राष्ट्रसेवा सक्तीची करा असं सुचवलं होतं. ते झेपणारं नव्हतं, म्हणून मागे पडलं. मग इतर देशांत तरुण अशी सेवा कशी करतात याचा अभ्यास झाला आणि शेवटी सक्ती नसलेली, कॉलेजात राहून करायची ही योजना आली.

त्याने शांतपणे ऐकलं. तो स्वतः शहराबाहेरच्या एका छोट्या गावात राहतो आणि तिथल्या अग्निशमन दलात स्वयंसेवक आहे. जर्मनीत हे कॉमन आहे. मोठ्या शहरांत पगारी फायर ब्रिगेड, बाकी गावोगावी सुतार, शिक्षक, अकाउंटंट असे साधे लोकच बंब घेऊन धावतात. पोरं शाळेत असल्यापासून त्यात असतात.

“मग तुम्ही काय केलंत?” त्याने विचारलं.

“एका गावात बंधारा बांधला. जंगलातल्या गावात. सात दिवस.”

“अच्छा. आणि त्या गावाचं पुढे काय झालं?”

सूप गार होईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. खरंच, काय झालं असेल? आम्ही दरवर्षी त्या सात दिवसांचा वाढदिवस साजरा करत होतो आणि ज्या गावाच्या जिवावर, त्या गावाला साधा फोनही कधी केला नव्हता.

त्या डिसेंबरात सुट्टीवर आले तेव्हा ठरवूनच टाकलं. गोवा कॅन्सल, गडचिरोली नक्की.

वैनगंगेच्या पलीकडे

‘गडचिरोलीला चाललेय’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे. सरकारी नोकरीत ‘गडचिरोलीला टाकीन’ ही कित्येक वर्षं धमकीच होती. माझ्या आईबाबांनी कॉलेजच्या वेळी शिबिराला पाठवायला आठ दिवस घेतले होते. आम्ही राहायचो चंद्रपूर जिल्ह्यात, नदीच्या अलीकडे. गाव पलीकडे, जेमतेम पंचवीस किलोमीटर. पण आमच्या घरात वैनगंगा ही जवळजवळ आंतरराष्ट्रीय सीमा होती!

खरं तर २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. त्या दिवशी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला. बोली तीच झाडीबोली, शेत तेच धानाचं, नाटकं तीच. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजची झाडीपट्टी रंगभूमी जागी होते आणि होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. मल्टिप्लेक्सवाल्यांनी एकदा ते हाऊसफुल्ल बघावं.

नागपूरहून निघालं की उमरेड, भिवापूर, नागभीड. नागभीडजवळ घोडाझरीचा मोठा तलाव लागतो. मग ब्रह्मपुरी, आणि त्यानंतर वैनगंगेचा पूल. डिसेंबरात नदी अंग चोरून वाहते, वाळूचे पट्टे उघडे पडतात. पूल ओलांडून आरमोरी आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसतात. बांध्या म्हणजे चारी बाजूंनी मातीची वरंब घातलेले भाताचे चौकोन. त्यात नुसते खुंट उरलेले असतात. मध्ये मध्ये मोहाची मोठी झाडं, शेत काढताना मुद्दाम राखलेली. आणि क्षितिजावर जंगल. या जिल्ह्याचा जवळजवळ सगळाच नकाशा हिरवा आहे.

एसटीतून उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांना न विचारता मासिकात छापणं बरं नाही. शाळा सापडली. शिबिरात आम्ही मुली त्याच शाळेच्या एका वर्गात झोपायचो, बेंच एकावर एक रचून. पहाटे पाचला प्रभातफेरी, सातला श्रमदान, दुपारी कुणीतरी पाहुणे येऊन ‘बौद्धिक’ घ्यायचे आणि आम्ही पेंगायचो. संध्याकाळी पथनाट्य. रात्री शेकोटी.

शाळेमागे नाला. नाल्यावर आमचा बंधारा.

बंधारा नव्हता.

तो त पयल्याच पान्यात गेला

म्हणजे काहीच नव्हतं. गुडघाभर पाणी, दगड, पलीकडे दोन बगळे. मी मोबाइलमधला जुना फोटो काढून जागा ताडून बघितली. वाकडं अर्जुनाचं झाड तेच. जागा तीच. फोटोत आम्ही चाळीस जण ‘व्ही’ करून उभे आणि मागे सिमेंटच्या पोत्यांची भिंत. कोपऱ्यात लाल-निळा बॅनर.

काठावर एक बाई भांडी घासत होती. तिनेच विचारलं, कोण, कुठली? मी सांगितलं, कॉलेजचा कॅम्प आला होता, आम्ही इथे बंधारा बांधला होता. ती दोन क्षण बघत राहिली आणि हसली.

“तो त पयल्याच पान्यात गेला ना बाई! तो जायसाठीच असते.”

इथे थोडं तांत्रिक सांगते, कारण मलाही ते तेव्हाच नीट कळलं. आम्ही बांधला होता तो वनराई बंधारा. सिमेंटची रिकामी पोती घ्यायची, त्यात नाल्यातलीच वाळू-माती भरायची, तोंड शिवायचं आणि विटा रचतात तशी पोती नाल्यात आडवी रचायची. वरच्या पोत्याने खालच्या दोन पोत्यांचा सांधा झाकायचा. मध्ये मातीचा थर. पाऊस संपला की, प्रवाह आटायच्या आत हे करायचं. मग अडलेलं पाणी दोन-तीन महिने टिकतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर लागतो, गुरांना प्यायला मिळतं, कुणी भाजीपाला लावतो. खर्च जवळजवळ शून्य, लागतात फक्त माणसं. आणि पुढच्या पावसाळ्यात नाला फुगला की तो वाहून जातो. जायलाच हवा, नाहीतर पुराचं पाणी शेतात घुसेल. म्हणून तो दरवर्षी नव्याने बांधायचा असतो.

पीओ सरांनी हे सांगितलं असणार. आम्ही पेंगत असणार. इतकी वर्षं मी ऑफिसच्या मुलाखतींत ‘वी बिल्ट अ डॅम’ म्हणत होते, म्हणजे जणू कोयनाच!

“मग नंतर कोणी बांधला नाही?”

“बांधला ना. तीन-चार वरसं गावानंच बांधला. मंग पोरंच नाई राहत गावात. धान कापून झालं का मिरची तोडाले जातात, तेलंगनात. पोते कोन भरल?”

हे मला ठाऊक होतं आणि नव्हतंही. धानाचं एक पीक निघालं की या दोन जिल्ह्यांतून माणसं गाडी भरून मिरची तोडायला तेलंगणात जातात. कुटुंबंच्या कुटुंबं, लेकराबाळांसह, दोन-तीन महिने. हातांची आग होते, पण रोख पैसा आणि वर मिरची मिळते. उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं, मग मोह, मग तेंदूपत्ता. असं चाक फिरतं.

मी पोटासाठी जर्मनीत. गावातली पोरं पोटासाठी तेलंगणात. नाला मात्र इथेच होता.

घरचा चहा, लाखोळीची डाळ

काकूंनी घरी नेलं. शिबिरातल्या एका दिवशी आम्हा चार-पाच जणींना गावातल्या एकेका घरी जेवायला पाठवलं होतं, ‘ग्रामजीवनाची ओळख’ या नावाखाली. मी याच गल्लीत कुठेतरी तांदळाची भाकरी आणि लाखोळीची डाळ खाल्ली होती. कुणाच्या घरी, ते काकूंनाही आठवेना. पण कॅम्पमधलं त्यांना जे आठवत होतं ते वेगळंच होतं. बंधाऱ्याचं नव्हे. आमच्यातली एक मुलगी रोज संध्याकाळी त्यांच्या सासूच्या पायाला तेल लावून द्यायची आणि गप्पा मारायची. सासू आता नाही. “जाताना म्हणे, पुढच्या वरसी येतो आजी. म्हातारी दोन वरसं वाट पायत होती.”

ती मुलगी म्हणजे आमच्या कॉलवर हैदराबादहून असते ती. मी तिला त्या रात्री मेसेज केला. बराच वेळ दोन निळ्या टिक तशाच होत्या. मग उत्तर आलं, “मी खरंच म्हणाले होते.”

शिबिर संपताना आम्ही सगळेच असं काहीतरी म्हणतो, नाही का? पत्ते लिहून घेतो, रडतो, ट्रक हलला की हात हलवतो. आपल्यासाठी तो सात दिवसांचा शेवट असतो. समोरच्यासाठी तो शब्द असतो.

मेंढ्याची आठवण

दुसऱ्या दिवशी मी धानोऱ्याकडे गेले. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंडांचं गाव आहे. शिबिरात आम्हाला तिथे एक दिवस नेलं होतं आणि तेव्हा आम्हाला त्यातलं फार काही समजलं नव्हतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ती देशभर पोचली. इथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सगळ्यांची संमती होईपर्यंत चर्चा चालते. एखादा जरी नाही म्हणाला तरी थांबायचं. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे करून बघा!

त्याचं फळही त्यांना मिळालं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. तरी गावाने तोडलेल्या बांबूच्या वाहतुकीचा पास द्यायला वनखातं तयार नव्हतं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं.

आणि इथली आणखी एक गोष्ट, आपल्या विषयाला धरून. गोंड-माडिया गावांत गोटूल असतं. गावातल्या तरुण मुला-मुलींनी एकत्र जमायचं, नाचायचं-गायचं, गावाच्या कामाला हात लावायचा, रीतभात शिकायची अशी जागा. मेंढ्याने आपलं बंद पडलेलं गोटूल पुन्हा सुरू केलं. विचार करा, युवकांची संघटना म्हणून आपण १९६९ साल सांगतो, बॅज दाखवतो. या जंगलात ती व्यवस्था कधीपासूनची आहे हे कुणी मोजलेलंही नाही. तिचा वर्धापनदिन नसतो, कारण ती रोज संध्याकाळी भरते.

परतताना एसटीत एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. आमच्या नाल्यावर बंधारा कुठे बांधायचा, हवा की नको, हे तेव्हा गावाला कुणी विचारलं होतं का? की ‘दत्तक गाव’ म्हणजे आम्ही पालक आणि ते लेकरू, असंच आम्ही धरून चाललो होतो? शब्द बघा ना, दत्तक! आईबाप आम्ही, आणि जेवायला घालणार ते.

सर्टिफिकेट कोणाला

गोष्ट इथे संपली असती तर मी अपराधी चेहऱ्याने विमानात बसले असते. पण निघायच्या दिवशी काकूंचा नातू भेटला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या वेळी इथली कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली असायची, कुठल्याही कागदासाठी नागपूर गाठायचं. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचं. तो तिथला विद्यार्थी. आणि एनएसएसमध्ये!

“मार्कांसाठी?” मी विचारलं.

“हो ताई. तुम्ही?”

“मीपण.”

दोघं हसलो. मग त्याने विचारलं, जर्मनीला जायला काय लागतं? मी सांगितलं तेवढं सांगितलं. मग मी विचारलं, बंधाऱ्याला काय लागतं? तो म्हणाला, पोती आणि माणसं. पोती आणता येतील, घरकुलांची कामं चालू आहेत.

आम्ही दोघांनी, काकूंनी आणि शाळा सुटलेल्या पाच-सहा पोरांनी त्या दुपारी पोती भरायला घेतली. मी जिमला जाते, बरं का. बाविसाव्या पोत्याला कंबर गेली. संध्याकाळपर्यंत जेमतेम पस्तीस पोती झाली. त्यात बंधारा होत नाही, नाल्यात एक उंबरठा झाला फक्त. पोरांनी त्यावर उभं राहून ‘व्ही’ केला. मी फोटो काढला नाही. काकू म्हणाल्या, “काढ ना, येवढं केलं त.” मग काढला.

पुढच्या २४ सप्टेंबरला आमचा कॉल थोडा वेगळा झाला. नक्कल झाली, टाळी झाली, आणि मग हिशेब झाला. आता नियम असा आहे की, चोवीस तारखेच्या आठवड्यात जो जिथे असेल तिथे त्याने चार तास हाताने काहीतरी काम करायचं, लॅपटॉप न उघडता. न्यू जर्सीवाला फूड बँकेत खोकी भरतो. मी ऱ्हाईनच्या काठावर कचरा वेचते. इथे सप्टेंबरात नदी स्वच्छ करायची मोठी मोहीम असते, २०१८ मध्ये याच शहरातून सुरू झालेली. बूट, बाटल्या, एकदा तर अख्खी सायकल! माझा तो अग्निशमनवाला सहकारीही आला होता. बॅज बघून म्हणाला, गावाचं काय झालं? या वेळी उत्तर होतं.

आणि सहाव्वा माणूस सातवा झाला. काकूंचा नातूही कॉलवर असतो. त्याने त्याच्या युनिटमध्ये विषय मांडला, मग आधी गावात बैठक झाली. जागा गावाने बदलली. आमच्या जागेच्या दोनशे पावलं वर, जिथे नाला अरुंद आहे आणि पोती निम्मी लागतात. इतकी वर्षं हे गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याने सांगितलं असतं, विचारलं असतं तर. शिबिर ठेवायचं ते मिरचीची गाडी निघायच्या आधी, म्हणजे गावची पोरंही असतील.

“तुम्ही सगळे येणार ना ताई डिसेंबरात?” त्याने विचारलं.

स्क्रीनवर क्षणभर शांतता. सहाही चेहऱ्यांना तोच जुना शब्द आठवला असणार. हैदराबादवालीने आधी म्हटलं, “मी तिकीट काढलंय. काढल्यावरच सांगायचं ठरवलं होतं.”

“या,” तो म्हणाला. “पन बौद्धिक घेऊ नका. पोरं झोपतात.”

जायचंय?

नागपूरहून गडचिरोली साधारण १७० किलोमीटर, उमरेड-नागभीड-ब्रह्मपुरी-आरमोरी मार्गे एसटी मिळते. रेल्वेने यायचं तर वडसा (देसाईगंज) स्टेशन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन देशात नाव कमावून आहे. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठावरचं मार्कंडा मंदिर बघाच. मेंढ्याला जायचं असेल तर आधी गावाला कळवा, विचारा, मग जा. आणि कुणाला ‘पुढच्या वर्षी येतो’ म्हणालात, तर कॅलेंडरमध्ये तेवढं टाकून ठेवा.